थांबायचं कोणी?

रविवार, दिल्ली. हजर दोघेच: मी आणि हे.

सकाळी भलत्याच घुमटाचे फोटो काढून झाले होते. दुपारी मेट्रोचं दार मिटलं, तेव्हा मी आत होते आणि हे फलाटावर. काचेपलीकडे मागे सरकणारा तो ओळखीचा चेहरा क्षणभर परका वाटला. हरवू नयेत म्हणून दोघांचेही मोबाइल माझ्याच पर्समध्ये होते. मी पुढच्या स्टेशनवरून मागे आले, तोवर हे मला शोधायला पुढे गेले. असं दोनदा झालं. लाल किल्ला राहिलाच.

भेटल्यावर हे म्हणाले, "अगं, एका जागी थांबायचं ना!"

"मग तुम्ही का नाही थांबलात?"

बावीस वर्षांत आम्ही किती वेळा असेच एकमेकांकडे धावत चुकलो असू, कळेना. पुन्हा चुकामूक झाली तर थांबायचं कोणी, हे अजून ठरवायचं आहे.