सोनं मागाहून आलं

आमच्या वन्संनी सगळा जन्म सोन्याच्या मागे घालवला, असं माधवगंजात कुणाला सांगितलं की समोरची बाई आधी त्यांच्या गळ्याकडे बघते. गळ्यात काही नसतं. कानांत दोन मोती, तेही सासूबाईंनी बळेच घालायला लावलेले. खासगी बाजार नावाच्या पेठेतला आमचा सराफ दर दिवाळीला चेहरा गंभीर करून विचारायचा, "बाईसाब, इधर आसपास कहीं निकलने वाला हो तो हमें भी बता दीजिएगा." वन्सं म्हणायच्या, "आपकी दुकान से ज़्यादा तो कहीं नहीं निकलेगा."

मी साताऱ्याची. लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात, शिंदे की छावनीत जगदाळ्यांच्या घरी आले तेव्हा वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण वनमाला, कॉलेजात भूशास्त्र शिकवायला नुकत्याच लागल्या होत्या. घराणं फौजेतलं. जमीन जिंकायची आणि घालवायची, एवढंच आजवर सगळ्यांना ठाऊक. तिच्या पोटात काय आहे हे विचारणारी ही पहिलीच. त्यांनी लग्न केलं नाही. का नाही, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "वहिनी, पाहुणे बघायला आले तेव्हा मी खाणीत होते." मग पुन्हा कुणी आलं नाही आणि त्यांनाही आठवण राहिली नाही.

त्यांचं काम मला जेवढं कळलं ते असं. जमिनीच्या खोल पोटात भयंकर तापलेलं, खारट पाणी फिरत असतं. त्यात तांबं आणि सोनं विरघळलेलं असतं. ते वर चढतं, खडकांच्या भेगांत शिरतं, निवतं आणि निवताना जवळचं सगळं तिथंच टाकतं. भेगेत गारगोटी जमते, आणि तिच्यात त्या पाण्याचे थेंब अडकून बसतात, नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. थेंबात एक बुडबुडा असतो. गारगोटीची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली तापवत जायची. बुडबुडा नाहीसा झाला की आकडा टिपायचा; पाणी निदान तेवढं तरी तापलेलं होतं. मग दुसरा थेंब. यंत्र परगावी, तेही सुटीतच मिळायचं. लोक उन्हाळ्यात पचमढीला जात, आमच्या वन्सं बुडबुडे तापवायला.

एवढ्या खटाटोपातून त्यांनी एक गोष्ट मांडली होती. राज्याच्या दुसऱ्या टोकाला तांब्याची एक खाण आहे, तिथल्या तांब्यासोबत थोडं सोनंही सापडतं. सगळे म्हणत, दोन्ही एकाच पाण्यातून आली. वन्सं एकट्या म्हणत, नाही. तांबं आधी आलं, फार तापलेल्या पाण्यातून. सोनं मागाहून आलं, वेगळ्या, निवलेल्या पाण्यातून. तसं असेल तर सोनं शोधायचंही दुसऱ्या जागी. परिषदांत लोक मान डोलवायचे आणि चहाला जायचे. खोडून कुणी काढलं नाही, मानलंही कुणी नाही. अशी टांगून ठेवलेली माणसं फार थकतात. कुणी तोंडावर भांडलं असतं तर बरं, असं मला वाटायचं.

मग वन्संचे डोळे बिघडले. नजरेच्या मधोमध डाग पडला. भाकरी दिसायची, तिच्यावरचा फुगा दिसायचा नाही. बुडबुडे संपले. कॉलेजातून निवृत्तही झाल्या. आणि अशातच पुण्याहून अवंतिका नावाच्या एका मुलीचा फोन आला. तिच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र होतं. ते एकेक थेंब फोडून त्याच्या पाण्यात तांबं किती, सोनं किती हे सांगायचं. तिला वन्संच्या चकत्या हव्या होत्या. वन्संनी सगळ्या दिल्या. माझ्या जुन्या सुती साडीत मीच त्या गुंडाळल्या. आयुष्यभराचं म्हणणं खरं की खोटं, ते आता पुण्यात ठरणार होतं.

पौषातल्या एका दुपारी तिचा फोन आला. डोळ्यांमुळे वन्सं फोन मोठ्या आवाजावर ठेवून बोलत. मी शेजारीच मटार सोलत होते.

"बाई, एक विचारू? रागावू नका. ते निवलेल्या पाण्याचे थेंब आहेत ना, ते मला गारगोटीतल्या नंतरच्या चिरांमध्ये दिसतात. मागाहून शिरलेले असतील का, अशी शंका येते. अजून तपासते आहे."

वन्संनी डोळे मिटले. त्यांच्या म्हणण्यात इतकं खोल कुणी कधी शिरलंच नव्हतं. म्हणाल्या, "अगं, तू चेष्टा करते आहेस, हेच माझ्यासाठी पुष्कळ झालं."

"बरं बाई" एवढंच म्हणून तिने लगेच फोन ठेवला. मी पुढची शेंग उचलली.

त्यानंतर पुण्याहून फोन नाही. माघ गेला, फाल्गुन गेला, होळी झाली. फोन वाजला की वन्सं हातातला घास थांबवायच्या. बहुतेकदा कर्ज देणारी एखादी कंपनी निघायची. माझी मुलगी रुचिका म्हणाली, "आत्या, मैं कर दूँ कॉल? दो मिनट का काम आहे."

"नको. तपासणाऱ्याच्या मागे लागलं की तो आपल्याला हवं तेच सांगतो."

"पण तू परेशान होऊन राहिली आहेस ना!"

"होऊ दे."

मला मात्र त्या पुण्याच्या मुलीचा असा संताप यायचा! चकत्या नेल्या आणि गडप. वन्सं हळूहळू त्या विषयावर बोलेनाशा झाल्या. सकाळी उशिरा उठायच्या, बिछान्यातच बसून राहायच्या. मी चहा घेऊन गेले की म्हणायच्या, "ठेवा वहिनी," आणि तो तिथंच गार व्हायचा.

वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीचा, शालिनीताईचा साताऱ्याहून फोन आला. तिची निधी स्पर्धा परीक्षेत पुन्हा नापास झाली होती. ताई रडवेली झाली होती. मी समजूत घालायला म्हटलं, "अगं, पोरीने एवढी चेष्टा केली, हेच पुष्कळ नाही का?"

"चेष्टा?" ताई कडाडली. "पोरगी वर्षभर मान मोडून बसली आणि तुला ती चेष्टा वाटते? तिकडं जाऊन भ्रमिष्ट झालीस का गं?"

ताईने फोन आपटला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. वन्संनी जन्मभर हिंदीतून शिकवलं, आणि वर्गातली ती शुद्ध हिंदी, "समझने की चेष्टा कीजिए" म्हणणारी, त्यांच्याबरोबर घरी येऊन आमच्या मराठीत बसली. मी साताऱ्याची म्हणून इतकी वर्षं तोरा मिरवला, आणि माझ्या कानाला ते कळलंही नाही. पुण्याच्या मुलीने मात्र सरळ ऐकलं होतं: तू माझी टिंगल करते आहेस, पुरे झालं.

मी वन्संना न विचारताच पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. अवंतिका आधी हसली, मग एका दमात बोलत सुटली.

"काकू, मला वाटलं बाई दुखावल्या. त्यांचंच काम, आणि त्यांनाच मी शिकवते आहे, असं झालं ना. तपासणी मी थांबवली नाही. पण पुन्हा फोन करायचा धीर होईना."

"मग काय निघालं?"

म्हणाली, "बाईंनाच द्या ना फोन."

मला तिथंच कळलं. फोन घेऊन वन्संच्या खोलीपर्यंत जाताना वाटलं, कशाला लावला. न कळण्यात निदान आशा तरी होती.

चेष्टेचा घोळ ऐकून वन्सं खूप दिवसांनी मोठ्याने हसल्या. "अरे देवा! आणि तू ऐकून घेतलंस? भांडायचं नाहीस का?" मग म्हणाल्या, "आता सांग."

अवंतिकाने सांगितलं. निवलेल्या पाण्याच्या थेंबांत सोनं नव्हतंच. तडा गेलेल्या बरणीत बाहेरचं पाणी मुरावं, तसं ते फार नंतर चिरांतून शिरलेलं. पहिल्या, तापलेल्या पाण्यात मात्र तांबंही होतं आणि सोनंही. तिने ते पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या चकत्यांवर करून पाहिलं होतं.

वन्संनी मधेच दोन-तीन गोष्टी विचारल्या, कुठली चकती, कुठला कोपरा, अगदी बारीक. उत्तरं ऐकली. "म्हणजे दोन्ही बरोबरच आली," म्हणाल्या.

"हो बाई. पण आपण लेखात असं म्हणू शकतो की पूर्वीच्या साधनांच्या मर्यादा लक्षात घेता काही निरीक्षणांचा पुनर्विचार..."

"नाही." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "सरळ लिही. वनमाला जगदाळे यांचं मत चुकीचं आहे. नाव घालून लिही. मऊ लिहिलंस तर उद्या एखादी मुलगी वाचेल, तिला वाटेल अजून काही शिल्लक आहे, आणि तीही आपले उन्हाळे त्यात घालेल. तिला मी अडवायला हवं."

मी त्यांच्या पलंगावर बसले. ज्या बाईला कुणी खोडायच्याही लायकीचं मानलं नाही, ती आपल्या हाताने स्वतःला खोडत होती, आणि त्या खोडण्यात काही कसर राहू नये म्हणून किती काळजी घेत होती.

"बाई," अवंतिका हळूच म्हणाली, "तुम्ही रडताय का?"

"हो, रडते आहे," वन्सं म्हणाल्या. "तू लिहून घे."