तिसरा घाणा

माझे मामा साबणात घालायचा सुगंध बनवणाऱ्या कारखान्यात ऑपरेटर होते. घरी मात्र यायचे ते ॲसिडचा वास घेऊन. "गुलाबाचा माणूस आला, नाकं धरा!" मामी दारातूनच चिडवायची. पुढे तिलाच दमा जडला. कंपनीनं दिलेली खोली कारखान्याच्या भिंतीला लागून, मागून त्याचंच गटार. खिडक्या लावल्या तरी वाफ आत यायचीच. "हवा बदला, नाहीतर अवघड आहे," डॉक्टर म्हणाले. जायचं कुठे?

सुगंध तयार व्हायला ॲसिड लागे, आणि प्रत्येक घाण्यानंतर तळाचं आंबट पाणी गटारात सोडावं लागे. मग प्रयोगशाळेतल्या बाईंनी ॲसिडऐवजी राईएवढे पांढरे दाणे आणले. "हे उत्प्रेरक. काम करून देतात, पण स्वतः संपत नाहीत. गाळून, धुऊन पुन्हा वापरायचे." मामा असे हरखले की जेवताना वाटीत चमचा ढवळून मामीला समजावत बसले. चाचणी घ्या म्हणून मालकाच्या मागे हात धुऊन लागले तेही मामाच.

पहिले दोन घाणे छान उतरले. गटार कोरडं राहिलं. तिसरा संपला, आणि मामांनी टाकीचा खालचा वॉल्व्ह उघडला, नळी लावली, टाकी लख्ख धुतली. सव्वीस वर्षं त्यांचे हात हेच करत आले होते. बाईंनी वर्षभर खपून बनवलेले दाणे गटारात गेले. मालकाला निमित्तच हवं होतं. "पुरे झाले हे लाड. ॲसिड आणा!" त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

घरी मामांनी सांगितलं, कुणीतरी दाणे सांडले. पुढचं दीड वर्ष धाप लागली की मामी त्या कुणाला तरी शिव्या घालायची. "हात झडले पाहिजेत मेल्याचे!" मामा तिची पाठ चोळत "हो गं, हो" म्हणायचे.

ती गेल्यावर त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. मला रडू आवरेना. "मामा, तिला सांगायचं होतंत. तिनं लगेच माफ केलं असतं."

"ठाऊक होतं मला," मामा म्हणाले. "म्हणूनच तोंड उघडलं नाही."