पौर्णिमेचा डबा

माझी आई, जाईबाई, खोटं बोलते असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. कोपरीच्या विहारात पंचशील म्हणताना तिचा आवाज सगळ्यांत पुढे. तीस वर्षं शाळेत शिपाई होती, पण खडूचा तुकडा कधी घरी आणला नाही बाईने. आणि तीच मला थापा मारत होती!

दर पौर्णिमेला तिचा उपोसथ. पांढरी साडी, अकराला जेवण, आणि बारानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. गेले पाच महिने मात्र स्वतःचं जेवण आटपलं की ती डबा भरायची आणि "विहारात जाते रे प्रेम" म्हणून निघायची. संध्याकाळी डबा रिकामा. अरे, बारानंतर ही जेवत नाही, मग डबा गिळतो कोण?

"विहारात वाटत असतील," माझी बायको मेघना म्हणाली. मी विहार सांभाळणाऱ्या देवरामकाकांना गाठलं. "जाईबाई? ती सकाळीच वंदना करून जाते," काका म्हणाले. झालं, माझं डोकं फिरलं. पुढच्या पौर्णिमेला गुपचूप डबा उघडला. गुरगुट्या भात आणि शिरा. आईला शुगर आहे, ती गोडाला हात लावत नाही. पिशवीच्या तळाशी मागच्या महिन्याचं खडवलीचं तिकीट सापडलं.

नैवेद्य! दुसरं काय? म्हातारीने कोणीतरी बुवा गाठलाय. बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या घरातून बुवाला शिरा चाललाय! विहारात कळलं तर तोंड दाखवायची सोय राहणार नाही. त्या बुवाला फरफटत बाहेर काढतो, म्हणून मी बाईक काढली आणि तिच्याआधी खडवली स्टेशन गाठलं.

ती उतरली, चालत निघाली. मी लांबून मागे. गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ती शिरली. च्यायला, बुवा इथे राहतो? मी खिडकीतून डोकावलो. खाटेवर अर्धं अंग गेलेला एक म्हातारा, आणि आई त्याला चमच्याने भात भरवत होती.

बाबुराव. माझा बाप. बावीस वर्षांपूर्वी आईला बडवून कल्याणला दुसरीबरोबर संसार थाटायला गेलेला. तो मेला तरी मला सांगू नका, असं मी घरात बजावून ठेवलेलं.

मी आत घुसलो. "याला भरवतेस? याला?"

आई दचकली, पण भरवायची थांबली नाही. "त्या बाईने इथे आणून सोडला. आश्रमातून मला फोन आलेला. सगळे प्राणी सुखी होवोत, असं रोज म्हणते मी. त्यात हा येत नाही का?"

"आणि माझ्याशी खोटं बोललीस, ते? कुठे गेलं तुझं शील?"



"मोडलं," ती म्हणाली. "सकाळी घेते, दुपारी मोडते. हा मारायचा ना, तेव्हाही मी याच्या तोंडावर खरं बोलायचे. तुला सांगायची माझी छाती झाली नाही रे."

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. बापाची इतकी चीड मला, आणि आई त्याच्यापेक्षा मला घाबरत होती. ती बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, "पुढच्या पौर्णिमेला मी सोडतो तुला. आत येणार नाही. त्याला माफ केलेलं नाही मी."

"नको करू," आई म्हणाली. "मला घरात खरं बोलता येऊ दे, बस."