मगदूमबाईंचं बदलतं पान

सांगलीच्या गावभागात मगदूमबाईंच्या टायपिंग क्लासची पाटी होती, आणि त्या पाटीवर एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की शेजारच्या सगळ्या पाट्यांवर काही ना काही चुकलेलं होतं आणि बाई येता-जाता त्या पाट्यांकडे बघून नाक मुरडत. चंदनबाला मगदूम हे त्यांचं पूर्ण नाव. सव्वीस वर्षं त्यांनी पोरापोरींना टायपिंग शिकवलं. नियम एकच. पानात एक चूक सापडली की पान फाडायचं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा बडवायचं. कुणाच्या खिशात खोडरबर सापडला तर तो बाईंच्या खणात जमा व्हायचा. त्यांच्याकडून रडत गेलेली पोरं पुढे कचेरीत चिकटली की पेढे घेऊन यायची, आणि बाई पेढा खाता खाता त्यांच्या नेमणुकीच्या पत्रातल्या चुका दाखवायच्या.

सत्त्याण्णव साली त्यांचा भाचा सम्मेद पुण्याहून एक कॉम्प्युटर, एक मोडेम आणि दोन जाडजूड पुस्तकं घेऊन आला. मोडेम म्हणजे फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरला दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलायला लावणारा डबा. त्याने बाईंना इंटरनेटवरची पानं दाखवली. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि त्यांचा हिरमोड झाला. लग्नपत्रिका काय वाईट असते मग, असं त्यांनी विचारलं. कुणीही उघडली तरी मजकूर तोच.

सम्मेद हसला आणि दुसरं पुस्तक पुढे सरकवून परत गेला. त्या पुस्तकाने बाईंना अक्षरशः वेड लावलं. त्यात लिहिलं होतं की पान आधी लिहून ठेवायलाच हवं असं नाही. पानावर एक रिकामी चौकट ठेवायची. वाचणाऱ्याने त्यात काही लिहून बटण दाबलं की ते लांबच्या सर्व्हरकडे जातं. तिथे आपण लिहिलेली चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचना, जागी होते, माहितीच्या तक्त्यात शोधते, हवी तेवढीच ओळ उचलते आणि त्या माणसापुरतं नवं पान बनवून धाडते. शिळी भाकरी टोपल्यातून काढून द्यायची नाही, विचारलं की तव्यावरून उतरवायची. बाईंना हे असं समजलं आणि त्यांना राहवेना.

त्यांचं पहिलं पान फक्त नाव विचारायचं. बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं, बटण दाबलं, मोडेमवरचे दिवे लुकलुकले आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉम्प्युटरने त्यांना नावानिशी नमस्कार केला. बाईंनी सगळी टाइपरायटरं थांबवली. अकरा विद्यार्थी होते तेव्हा, त्या सगळ्यांना रांगेत उभं करून प्रत्येकाला नमस्कार करवला. एका पोरीने नाव चुकीचं टाइप केलं तर चुकीच्या नावाने नमस्कार आला. त्यावरही बाई खूश झाल्या. यंत्र काटेकोर आहे, आपल्यासारखंच, असं त्यांना वाटलं.

पण अकरा विद्यार्थी म्हणजे क्लास संपल्यातच जमा होता. एके काळी तीन पाळ्या भरायच्या. आता बारा टाइपरायटरांपैकी पाचांवर कापडं घातलेली असायची आणि बाईंना ती कापडं बघवत नसत.

काम आलं ते विट्याहून. विट्याकडच्या गावांतली माणसं देशभर पसरलेली, सोनं-चांदी गाळायचा गलाईचा धंदा करणारी. कोण मदुराईला, कोण गुवाहाटीला. त्यांच्या मंडळाची नावपत्त्यांची डिरेक्टरी दर तीन वर्षांनी निघायची आणि ती टाइप करायचं काम बाईंकडे असायचं. छापून हातात पडेपर्यंत निम्म्या लोकांनी दुकानं हलवलेली असत. नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब पवार कागद घेऊन आले तेव्हा बाईंनी त्यांना खुर्चीत बसवून तासभर सांगितलं. पुस्तक छापूच नका. पान करू. ज्याने दुकान हलवलं त्याने आपल्या गावातून आपली ओळ बदलावी, विट्यात त्याच क्षणी दिसेल.

लालासाहेबांना निम्मं कळलं, निम्मं बाईंच्या तोंडाकडे बघून पटलं. मे महिन्यात सगळे गलाईवाले लग्नं आणि जत्रांसाठी गावी येतात, तेव्हा मंडळाची सभा असते. सभेत सगळ्यांसमोर चालवून दाखवा, ते म्हणाले. चाललं तर काम तुमचं, कायमचं. नाही चाललं तर संध्याकाळी छापखान्याला नेहमीचं पुस्तक सांगून टाकू.

बाईंनी चार महिने घातले. मंडळाने भरून घेतलेल्या फॉर्मांवरून चारशे बारा माणसांची ओळ न् ओळ स्वतः टाइप केली. तेव्हा मराठी अक्षरं सगळीकडे धड दिसत नसत, म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत. सर्व्हरला मुळात आठवण नसते, एकदा पान दिलं की समोरचा कोण होता हे तो विसरतो, म्हणून प्रत्येकाला एक खूणक्रमांक पोस्टकार्डाने पाठवला. तो घातला तरच आपली ओळ बदलता यायची. कोईमतूरचे दुकानदार आप्पासो यंदा गावी येणार नव्हते, त्यांच्याशी ठरवून ठेवलं की सभेच्या दिवशी अकरा वाजता त्यांनी तिथल्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन आपला नवा फोन नंबर घालायचा.

सभा विट्याच्या एका मंगल कार्यालयात होती. कॉम्प्युटर वाकळेत गुंडाळून जीपमधून आला. कार्यालयात फोन एकच, ऑफिसातला. बाईंनी त्याची वायर काढून मोडेमला लावली आणि सांगलीचा इंटरनेटचा नंबर फिरवायला घेतला. नवव्या प्रयत्नाला तार जुळली. तोवर दोनशे माणसं ऑफिसात, दारात आणि खिडकीत दाटली होती.

त्या गर्दीतून रंगूबाई पुढे आल्या. रंगूबाई कार्यालयाची झाडलोट करायच्या. त्यांचा मुलगा अर्जुना आप्पासोंच्याच कोईमतूरच्या दुकानात कामाला होता. त्याची बायको कालपासून तिथल्या दवाखान्यात होती, पहिलटकरीण. आणि अर्जुना फोन करणार होता तो याच फोनवर.

"बाई, तुमचं कवा हुईल?" त्यांनी विचारलं.

पाच मिनिटं, बाई म्हणाल्या. तार मोडेमने धरून ठेवली होती. ती सोडली तर पुन्हा नऊ वेळा फिरवावं लागणार. रंगूबाई भिंतीला टेकून बसल्या.

पहिला मान अध्यक्षांचा. लालासाहेबांनी सदऱ्याच्या बाह्या सावरल्या, एका बोटाने आपलं नाव शोधाच्या चौकटीत टाइप केलं आणि बटण दाबलं. पान आलं. त्यावर लिहिलं होतं की या नावाचं कोणी नाही.

लालासाहेबांनी पुन्हा दाबलं. यंत्राचं उत्तर तेच. मागून कुणीतरी म्हणालं, "अध्यक्षच न्हाईत व्हय यादीत? मग सभा कुणाची चाललीय?" आणि खिडकीतली माणसं हसून हसून एकमेकांवर पडली. लालासाहेबांचा चेहरा उतरला. बाईंच्या तर तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी चौकटीत बघितलं आणि घोडं कुठे पेंड खात होतं ते त्यांच्या ध्यानात आलं. लालासाहेबांनी लिहिलं होतं 'लालासो'. सगळं गाव त्यांना तसंच हाक मारतं, पत्रावर तसंच लिहितं, लग्नपत्रिकेत तसंच छापतं. या मुलखात साहेबाचा सो होतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण फॉर्मवर पूर्ण नाव लिहा म्हटल्यावर त्यांनी 'लालासाहेब' लिहिलं होतं, आणि बाईंनी ते बरहुकूम टाइप केलं होतं. बाईंची चूक कुठेच नव्हती. लालासाहेबांचीही नव्हती. तरी माणूस सापडत नव्हता.

आयुष्यात पहिल्यांदा बाईंना वाटलं की बरोबर असणं पुरेसं नाही. चारशे बारांत निदान दीडशे सो आणि साहेब असणार. पान फाडून पुन्हा टाइप करून भागणार नव्हतं. यंत्रालाच थोडं सैल सोडायला शिकवायचं होतं.

त्यांनी घरून आणलेलं उकळलेलं पाणी घोटभर प्यायलं आणि शोधाची स्क्रिप्ट उघडली. शोधण्याआधी नावाच्या शेवटचा सो काढ, साहेब काढ, राव काढ, चौकटीतला आणि यादीतला दोन्हीकडचा काढ, मग उरलेलं जुळव. एवढंच सांगायचं होतं. सव्वीस वर्षं टाइप करणारी बोटं घाईत चुकली. एक कंस राहिला आणि सर्व्हरने पान द्यायचंच नाकारलं. कंस घातला. पुन्हा धाडलं. या सगळ्यात पाच मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. रंगूबाई दोनदा उठल्या आणि पुन्हा बसल्या. बाईंना ते दिसत होतं आणि त्यांनी वर बघितलं नाही.

मग त्यांनी लालासाहेबांना पुन्हा एक बोट पुढे करायला सांगितलं. लालासो. बटण.

पान आलं आणि त्यावर लालासाहेब पवार होते, पत्त्यासकट. टाळ्या अशा पडल्या की बाहेर आचारी बघायला आले. बाई लगेच आप्पासोंकडे वळल्या, कारण अकरा वाजून गेले होते. आप्पासोंची ओळ मागवली. फोन नंबर नवा होता. बाईंनी काल रात्रीचं छापलेलं पान शेजारी धरून दाखवलं, त्यावर जुना. हजार किलोमीटरवरच्या माणसाने आत्ता हात लावला आणि विट्यातलं पान बदललं, असं त्या ओरडूनच म्हणाल्या. मगदूमबाईंचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता. गुवाहाटीचा, मदुराईचा, अमृतसरचा, जो तो आपलं नाव घालायला खांदे मारू लागला. लालासाहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की छापखाना रद्द. बाईंचे डोळे भरून आले.

"आवं बाई." रंगूबाई खुर्चीला लागून उभ्या होत्या. आवाजात राग होता आणि रडूही. "सकाळधरनं फोन बांधून ठिवलाय तुमी. माझी सून तिकडं अडलीय का सुटलीय, मला कळाया नगं?"

बाईंचा आनंद गपकन खाली बसला. आपण काय केलं ते त्यांना उमगलं. त्या तार सोडायला वाकल्या. तेवढ्यात लालासाहेब म्हणाले, रंगूबाई, तुझ्या अर्जुनाचंही नाव आहे यात, एकदा बघून तरी घे. रंगूबाईंची नजर पडद्याकडे गेली. बाईंनी घाईघाईने नाव घातलं आणि पान मोठ्याने वाचलं. अर्जुना, दुकान आप्पासोंचं, गाव कोईमतूर, घरातली माणसं तीन.

"दोन," रंगूबाई म्हणाल्या. "त्यो आन् त्याची बायकू."

बाईंनी पिशवीतून कागदी फॉर्म उपसले, अर्जुनाचा काढला. त्यावर दोनच होतं. दोनशे माणसांसमोर चूक. त्यांनी कबूल केलं की चूक माझी आहे, मी टाइप करताना चुकले. सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाला म्हटलेलं नव्हतं.

आणि मग त्यांचं लक्ष पानाच्या तळाशी गेलं. तिथे ओळ शेवटची कधी बदलली ते स्क्रिप्ट आपल्याकडच्या घड्याळाप्रमाणे आपोआप लिहायची. तारीख आजची होती, वेळ अकरा वाजून सहा मिनिटं. त्या वेळी बाई स्वतः कंस शोधत बसल्या होत्या. म्हणजे ही ओळ त्यांनी टाइप केलेली नव्हती. कोईमतूरच्या त्या दुकानात आप्पासोंच्या शेजारी आणखी कुणीतरी बसलं होतं, ज्याला सकाळपासून विट्याचा फोन लागत नव्हता आणि ज्याच्या खिशात खूणक्रमांकाचं पोस्टकार्ड होतं.

"रंगूबाई," बाई म्हणाल्या. "मी नाही चुकले. हे अर्जुनाने लिहिलंय. आज. दोनाचे तीन त्याने केलेत."

रंगूबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही हात पडद्यावर ठेवले, तीनच्या आकड्यावर.

"पोरगं का पोरगी?" त्यांनी हळूच विचारलं.

तेवढं पानावर नव्हतं. बाईंनी तार सोडली, वायर फोनला लावली आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. मिनिटभरात घंटी वाजली. रंगूबाईंनी फोन कानाला लावला, नुसतं व्हय, व्हय म्हणत राहिल्या, पदर तोंडाला लावून हसल्या आणि फोन ठेवून सरळ बाईंकडे आल्या.

"पोरगी झालीया. लिवा."

बाईंनी सांगितलं की ते लिहायला रकानाच नाही केलेला, नुसता आकडा आहे. रंगूबाई हलल्या नाहीत. त्यांनी वायर स्वतः उचलली आणि बाईंच्या हातात दिली.

"मग करा की," त्या म्हणाल्या. "आता फोन नगं मला."