फक्त सीटचं कव्हर

मोटरसायकल कापायला फार वेळ लागत नाही. कपात चहा ओतून ठेवावा, गाडी कापावी आणि येऊन बघावं, तर चहा अजून कोमट असतो. हे मी अनुभवानं सांगतोय. (तो चहा नंतर माझ्या घशाखाली उतरला नाही, ही गोष्ट वेगळी.)

आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहतो. ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात मी डिस्पॅचला आहे. म्हणजे कोणता माल कोणाचा आणि तो कोणत्या ट्रकात चढवायचा, हे बघणं माझं काम. एकाचा माल दुसऱ्याला गेला, असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही. कारखान्यात तरी नाही!

चाळिशी ओलांडल्यावर मला मोबाइलवर जुन्या मोटरसायकली कापून नव्या बनवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. बुटकं हँडल, एकट्यापुरतं सीट, मागचा सगळा भाग उडवलेला, रंग कोळशासारखा काळा. आपणही अशी एक गाडी स्वतःच्या हातानं बनवायची, असं मी ठरवलं.

"या वयात लोकांचे गुडघे दुखायला लागतात," वर्षा म्हणाली. वर्षा म्हणजे माझी बायको. "तुम्हाला हे झालं. यावर गोळी पण नसेल."

मी मात्र पेटलो होतो. धुळ्याच्या एका ओळखीच्याकडून जुनी काळी गाडी ठरवली. तो ती शनिवारी टेम्पोत टाकून पाठवणार होता. मी लोखंड कापायचा ग्राइंडर आणला, ठिणग्यांपासून डोळे वाचवायचा चष्मा आणला. गल्लीच्या तोंडाशी रफीकभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे, त्यांना आमंत्रण दिलं. आयुष्यभर खिडक्यांच्या जाळ्या आणि गेटं जोडलेला माणूस. मोटरसायकलला हात लावायच्या कल्पनेनं तेही फुलले होते.

शनिवारी सकाळी मी बाजारातून नारळ घेऊन आलो, तर पत्र्याच्या शेडमध्ये गाडी हजर! काळी, जुनी, गोल दिव्याची. जशी सांगितली तशी. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

स्वयंपाकघरातून वर्षा ओरडून काहीतरी सांगत होती. पण मिक्सर चालू होता.

"अहो, पंकज येऊन गेला! घर्रर्र... ठेवून गेलाय... घर्रर्र... कव्हर... घर्रर्र... आजच्या आज!"

पंकज म्हणजे माझा मेहुणा. सासर असोद्याचं, तिथे त्यांची केळीची बाग. मी अर्थ लावला : पंकज केळी ठेवून गेला आणि ती आजच्या आज झाकून ठेवायची आहेत.

"हो हो!" मी ओरडलो. (लग्न झाल्यापासून मी जेवढे 'हो हो' म्हटले, त्यातला हा सर्वांत महागात पडला.)

रफीकभाई आले. मी नारळ फोडला आणि त्यांच्या हातात मोबाइल दिला. पहिला काप मी स्वतः घालणार आणि त्याचा व्हिडिओ निघणार, हे आधीच ठरलं होतं.

"भाऊ, एक बार सोच लो," रफीकभाई म्हणाले. "कट गया तो कट गया."

"चालू करा तुम्ही!" मी म्हणालो आणि कॅमेऱ्याकडे बघून भाषण ठोकलं. "मित्रांनो, ही बघा गाडी. हँडलला लाल गोंडे! टाकीवर हनुमान! सीट फाटकं, त्यातून स्पंज बाहेर आलाय. सगळ्या गाडीला खताचा वास! जो कोणी हिचा मालक असेल तो एक नंबरचा गबाळा माणूस असणार. आज आपण हिला त्याच्या तावडीतून सोडवणार आहोत!"

मग मी सीट काढून फेकलं, मागचं चाक उतरवलं आणि ग्राइंडर लावला. ठिणग्यांचा असा फवारा उडाला की काय सांगू! मागची चौकट खण्णकन खाली पडली. रफीकभाईंनी टाळ्या वाजवल्या. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि चहाकडे वळलो.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला.

"भाऊ," ड्रायव्हरनं मान बाहेर काढून अहिराणीत विचारलं, "गाडी कथी उतारानी शे?"

"कोणती गाडी?"

"तुमनीच शे ना! धुयाथीन लई ऊनू."

माझीच गाडी धुळ्याहून घेऊन आलोय, असं तो म्हणत होता! मी टेम्पोत बघितलं. आत एक काळी, जुनी, गोल दिव्याची मोटरसायकल दोरीनं बांधून उभी होती. मग मी शेडमध्ये बघितलं. मग परत टेम्पोत. मान नुसती पंख्यासारखी फिरत राहिली.

रफीकभाईंनी हळूच विचारलं, "ये आपकी है, तो वो किसकी है?"

याचं उत्तर वर्षानं दिलं. ती ओले हात पदराला पुसत दारात आली, शेडमध्ये बघितलं आणि तिनं अशी किंकाळी फोडली की समोरच्या घरातल्या काकू लाटणं घेऊन बाहेर आल्या.

"अहो, ती नानांची आहे!"

नाना म्हणजे माझे सासरे.

मी खाली बसलो, तो नेमका नानांच्या फाटक्या सीटवर.

"अहो, सीटचं कव्हर बदलायला पंकज ठेवून गेला होता! मी सांगितलं ना तुम्हाला! तुम्ही 'हो हो' म्हणालात!"

तुम्ही म्हणाल, सासऱ्याची गाडी ओळखता येऊ नये? अहो, ती गाडी मी रिकामी कधी बघितलीच नव्हती! पुढे चाऱ्याचा भारा, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, मागे खताची गोणी आणि या सगळ्याच्या मधोमध टोपी घातलेले नाना. त्या ढिगाखाली मोटरसायकल आहे की बैल, हे बाहेरच्या माणसाला कळायची सोयच नव्हती.

एवढ्यात मोबाइल वाजला. नानाच होते.

"जवाईबुवा, सीटचं झालं का?"

"सीट... निघालं, नाना," मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं.

"बरं. मी येऊनच राह्यलो रिक्षानं. लगेच घेऊन जातो."

माझं डोकं बंद पडलं. अशा वेळी माणसाला ज्या कल्पना सुचतात, त्या सुचू नयेत. मी धुळ्याची गाडी उतरवून घेतली. तिला नानांचे लाल गोंडे बांधले. हनुमान सोलून इकडचा तिकडे चिकटवला. नंबर प्लेटला हात लावायची हिंमत झाली नाही, म्हणून तिच्यावर चिखल थापला. खताच्या वासासाठी वर्षाच्या गुलाबाच्या कुंडीतलं मूठभर शेणखत टाकीला चोळलं. कापलेल्या गाडीवर ताडपत्री टाकली. रफीकभाई "तौबा, तौबा" म्हणत होते, पण गोंडे त्यांनीच घट्ट बांधले.

"आता तुम्ही निघा," मी टेम्पोवाल्याला म्हणालो.

"नही भाऊ," तो ओट्यावर बसत म्हणाला, "आते हाई पाहीसनच जासू." म्हणजे आता हे बघूनच जाईन! वर्षानं त्याला चहा दिला. माझा.

नाना आले. गाडीभोवती फिरले. सीटवर थाप मारली. "कव्हर चांगलं बसवलं," म्हणाले. मी मनातल्या मनात हनुमानाला नारळ कबूल केला. नानांनी धोतर सावरलं आणि किक मारली. गाडी सुरू झाली.

नाना दचकून मागे सरले.

"ही माही गाडी नाही."

"असं कसं, नाना? हे काय गोंडे..."

"माही गाडी पहिल्या किकमधी कधी सुरू झाली का आजलोक?"

टेम्पोवाला चहा पिता पिता थांबला. शेवटी वर्षालाच ते सहन होईना. ती पुढे झाली आणि तिनं ताडपत्री ओढली.

पुढे हँडल, टाकी, इंजिन. मागे काही नाही. चाक भिंतीला टेकलेलं. चौकटीचा कापलेला तुकडा जमिनीवर, नारळाच्या करवंटीशेजारी.

नाना बघत राहिले. त्यांच्या हातातली टोपी खाली पडली, तीही त्यांनी उचलली नाही. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले,

"जवाईबुवा, मी फक्त सीटचं कव्हर सांगेल व्हतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ही गाडी त्यांनी वर्षाच्या जन्माच्या वर्षी घेतली होती. वर्षाला शाळेत, कॉलेजात आणि बोहल्यापर्यंत त्यांनी हिच्यावरूनच नेलं होतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. तेव्हा रफीकभाईंना माझी दया आली.

"नानाजी, काम बहोत सफाई से किया है भाऊने," ते म्हणाले. "देखो, पूरा व्हिडिओ है मेरे पास!"

मी "नको!" म्हणेपर्यंत व्हिडिओ सुरू झाला होता. नानांनी मोबाइल नाकाशी धरला आणि पूर्ण बघितला. लाल गोंडे. हनुमान. खताचा वास. एक नंबरचा गबाळा माणूस.

"गबाया?" नानांनी विचारलं.

माझ्या तोंडून आवाज निघाला, पण तो कोणत्या भाषेतला होता ते मला माहीत नाही.

नानांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. एक खुर्ची मागवली आणि ती शेडमध्ये मांडली.

"आता अर्धी सोडू नका. पुरी करा. तोलोक मी अठीच बसतो."

मुलीच्या घरी दुसरा कप चहा न घेणारा माणूस आमच्याकडे मुक्कामाला राहिला! मी रोज कामावरून आलो की खुर्चीवर नाना, जमिनीवर रफीकभाई आणि दोघांची चर्चा सुरू. मला विचारायची पद्धत नव्हती. मी बुटकं हँडल काढून दाखवलं.

"हे लावून काय रस्त्यावर नाक घाशीत जाऊ?" नाना म्हणाले. हँडल उंच झालं. इतकं उंच, की चाऱ्याचा भारा त्याच्या खालून मावेल.

एकट्यापुरतं सीट दाखवलं.

"अन् तुमची सासू कोठी बसन?"

गाडी लांब झाली. मग दुधाच्या कॅनसाठी आणखी लांब झाली. शेताच्या बांधावर घासू नये म्हणून सायलेन्सर वर गेला. कोळशासारखा काळा रंग मी आणूनही ठेवला होता. नानांनी डबा उघडून बघितला, परत बंद केला आणि सांगितलं, "केळीच्या पानाचा हिरवा." (आरटीओच्या मंडळींनी हा परिच्छेद वाचू नये.)

गाडी पूर्ण झाली त्या दिवशी आम्ही ती उन्हात काढली, आणि मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा धक्का बसला. गाडी सुंदर दिसत होती! लांबलचक, हिरवीगार, उंच शिंगांची. मोबाइलवरच्या परदेशी लोकांनी महिनोन्‌महिने घाम गाळून जे बनवलं असतं, ते नानांनी दुधाच्या कॅन मावाव्यात म्हणून बनवून टाकलं होतं.

नंतर धुळ्याला नात्यातलं एक लग्न निघालं. नाना आणि सासूबाई हिरव्या गाडीवरून गेले. आम्ही बसनं. मंगल कार्यालयाशी पोचलो तर ही गर्दी! मला वाटलं नवरदेव आला. नवरदेव आलाच होता, तोही गर्दीत उभा राहून नानांसोबत फोटो काढून घेत होता.

"नाना, गाडी कोनी बनाई?" कोणीतरी विचारलं.

नानांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला हात करून पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी कॉलर नीट केली. पोट आत घेतलं. एवढ्या माणसांनी माझ्याकडे एकदम आदरानं कधी बघितलंच नव्हतं.

"हे आमचे जवाई," नाना म्हणाले. "गाडी मी बनोली. यायनी फक्त कापली."

सगळ्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग त्यातले एक सद्गृहस्थ बाजूला झाले आणि शेजारी लावलेली आपली स्कूटर ढकलत ढकलत रस्त्याच्या पार पलीकडे नेऊन, कुलूप लावून आले.