विहिरीचं कुलूप

पावसासाठी प्रार्थना चालली होती आणि मला आमेन म्हणता येत नव्हतं. आमच्या कौलारू ख्रिस्ती देवळात त्या रविवारी सगळी मंडळी गुडघ्यांवर होती. प्रार्थना माझा मोठा भाऊ चालवत होता. त्याचा आवाज बाबांसारखा भरदार होता. “प्रभू, तहानलेल्या जमिनीकडे पाहा,” असं तो म्हणाला तेव्हा मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका रडल्या. मी मात्र डोळे उघडे ठेवून त्याच्या कोटाच्या खिशाकडे पाहत होते. त्या खिशात विहिरीच्या फाटकाची किल्ली होती. तहानलेल्या जमिनीला पाणी द्यायला देवाने आभाळ उघडायची गरज नव्हती. दादाने कुलूप उघडलं असतं तरी आमच्या वस्तीपुरतं भागलं असतं. त्या दिवशी मी घरी आले आणि ठरवलं की आता प्रार्थना करायची नाही. ज्या देवाला असली प्रार्थना ऐकवते, त्याच्याशी मला बोलायचं नव्हतं.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, धाडच्या बाजूला. बाबा उपदेशक होते. गावोगाव पायी फिरून ते शुभवर्तमान सांगत. चार पैसे गाठीला बांधून त्यांनी एक तुकडा जमीन घेतली आणि तिच्यात विहीर खणली. खणायला गावातली कितीतरी माणसं आली, त्यांत ज्यांना दुसऱ्या विहिरींवर चढू देत नसत तीही होती. बाबांनी त्यांना मजुरी विचारली तर त्यांनी मजुरी नको, पाणी भरू द्या, एवढंच सांगितलं. पाणी लागलं त्या दिवशी बाबांनी काठावर उभं राहून सगळ्यांसमोर शब्द दिला की हे पाणी कुणाला कधी अडवलं जाणार नाही. ते वारले तोवर अडवलं गेलंही नाही. सकाळपासून तिथे दोरांची आणि बोलण्याची गर्दी असे. संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत बाबा आम्हा दोघा भावंडांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. एक माणूस प्रभूकडे येऊन म्हणाला, माझ्या भावाला सांगून मला वतनाची वाटणी मिळवून द्या. प्रभूने वाटणी करून दिली नाही, उलट लोभापासून सांभाळायला सांगितलं. दादाला ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली पाठ होती.

बाबा गेल्यावर जमीन दादाकडे आली. मी त्याआधीच विधवा होऊन माहेरी परतले होते. गावच्या शाळेत शिकवत होते, आणि बाबांनीच वेगळ्या काढून दिलेल्या दोन खोल्यांत माझ्या लहानग्या मुलीबरोबर राहत होते. जमिनीबद्दल मला कधी काही म्हणायचं नव्हतं. दादा वाईट माणूस नव्हता, हे मला इथे लिहायलाच हवं. माझ्या मुलीला खांद्यावर बसवून बाजारात नेणारा तो मामा होता. पण जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा पाहून आला आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी बदललं. त्याने बाग लावली. बागेसाठी विहिरीवर इंजिन बसवलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तसं आधी बाहेरच्या वस्त्यांना बंद केलं, मग शेजाऱ्यांना, आणि शेवटी काठाभोवती काटेरी तारांचं कुंपण घालून फाटकाला कुलूप लावलं. ज्यांच्या बापांनी ती विहीर खणली होती, ते लोक फाटकापाशी येऊन उभे राहत आणि रिकाम्या घागरी घेऊन परत जात.

त्या उन्हाळ्यात आम्ही सगळ्याजणी कोरड्या नाल्यात खड्डे करून झिरपतं पाणी वाटीवाटीने भरत होतो. एक दिवस मी दादाकडे गेले. “दादा, एक घागर शेंदू दे न. पोरीपुरतं,” मी म्हटलं.

त्याने इंजिनवरून मान वर केली नाही. “एका घागरीचा सवाल नाही बाई. आज तू नेशीन, उद्या अख्खं गाव दोर घेऊन उभं राहीन. झाडं मरून राह्यली माह्यी. हे सारं मी काऊन करून राह्यलो? लेकरायसाठीच न?”

मी परत फिरले. वहिनी दारात उभी होती. नंतर तिने पदराआड लपवून एक तांब्या आणून दिला आणि ते दादाला कळल्यावर तिला काय ऐकावं लागलं, ते भिंतीपलीकडून मीही ऐकलं. त्यानंतर मी तिच्याकडूनही घेतलं नाही.

नाल्याच्या पाण्याने माझ्या मुलीला हगवण आणि उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले आणि ती रडायचीही थांबली. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेल्याशिवाय गत नव्हती. मी तिला खांद्यावर टाकून सडकेवर गेले. सकाळची एसटी आलीच नाही. सडकेवर एका निंबाच्या बुंध्याशी बसून मी वाट पाहत राहिले. जवळच्या तांब्यातलं गढूळ पाणी तिला पाजावं की नाही, हेही मला ठरवता येईना. प्रार्थना करायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून मी प्रार्थना केली नाही. मी भांडले. मनातल्या मनात म्हटलं, माझ्या बापाने तुझ्या नावाने लोकांना पाणी दिलं. आता त्याच्या नातीला थेंब मिळत नाही. हे पाणी आहे तरी कुणाचं, तेवढं मला सांग.

तेवढ्यात एक दमणी, छपराची छोटी बैलगाडी, येऊन थांबली. बैल हाकणारा माणूस आणि आत त्याची बायको, दोघं मुसलमान, पन्नाशीच्या पुढची. लग्नाला बुलढाण्याला निघाली होती. बाईने वाकून मुलीकडे पाहिलं आणि काही न विचारता आम्हाला आत ओढून घेतलं. तिच्याजवळ ओल्या फडक्यात गुंडाळलेली सुरई होती. तिने पेला भरून माझ्यापुढे धरला. मी इतके दिवस पाण्यासाठी विचारत फिरले होते की पेला समोर असतानाही माझ्या तोंडून निघालं, “घेऊ का?”

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, “पाण्याले काऊन विचारतं बाई? पाणी का मानसाचं असते? अल्लानं देल्लं, तू पाज.”

निंबाखाली देवाला विचारलेला माझा प्रश्न तिने ऐकला नव्हता. तो मी ओठांवरही आणला नव्हता. याहून जास्त मला काही सांगता येत नाही आणि कुणाला पटवायचंही नाही. मी पेला घेतला. घाट चढून जाईपर्यंत ती बाई माझ्या मुलीच्या तोंडात बोटाने थेंब थेंब पाणी सोडत राहिली. ऊन उतरलं तरी तिने स्वतः सुरईला तोंड लावलं नाही. तिच्या नवऱ्यानेही मागितलं नाही. दवाखान्याच्या दारात तिने उरलेल्या पाण्याची सुरई माझ्या हातात दिली. मुलीला आत घेतलं, सलाईन लावलं, आणि मी आभार मानायला बाहेर आले तोवर दमणी निघून गेली होती. नाव विचारायचंही राहून गेलं. पुढे कितीदा मी बुलढाण्याच्या आणि धाडच्या बाजारांत ते चेहरे शोधले. ते दिसले नाहीत.

मुलगी वाचली. आम्ही घरी आलो तेव्हा दादा भेटायला आला. “पोरगी बरी हाय न?” म्हणाला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याचे डोळेही भरले. मला वाटलं, आता हा किल्ली काढेल. तो उठला आणि इंजिन सुरू करायला गेला. लोभी माणूस दगडाचा असतो असं मला वाटत होतं. तसं नसतं. तो रडतो आणि कुलूपही तसंच ठेवतो.

पाणी आणखी खाली गेलं तेव्हा दादाने विहीर खोल करायला सुरुंगवाले बोलावले. जुन्या माणसांनी त्याला परोपरीने सांगितलं की खडक फोडू नको, झरा दुसरीकडे वळेल. त्याने ऐकलं नाही. सुरुंग उडाले आणि आठवडाभरात विहिरीतलं होतं तेवढं पाणीही गेलं. इंजिन हवा ओढू लागलं. पहिली फळं धरलेली बाग त्याच उन्हाळ्यात वाळली आणि पुढे सरपण म्हणून विकली गेली. गावात लोक म्हणाले, देवाने शिक्षा केली. मला तसं म्हणवत नाही. पाणी गेलं ते एकट्या दादाचं नाही, सगळ्यांचं गेलं. पाऊस आल्यावरही त्या विहिरीला पूर्वीसारखं पाणी कधी लागलं नाही.

याने तरी त्याचे डोळे उघडतील, अशी माझी आशा होती. पण शेजारच्या शेतात, एका मुसलमान शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी वाढलं, आणि दादाने बुलढाण्याच्या कोर्टात त्याच्यावर दावा लावला की त्याने माझा झरा चोरला. जमिनीखालचं पाणीही त्याला आपल्या नावावर हवं होतं. साक्ष द्यायला तो माझ्याकडे आला. झरा बाबांच्या वेळेपासून आपलाच होता, एवढं तू सांग, म्हणाला. मी म्हटलं, “दादा, बाबांनी तो आपला ठेवला नव्हता. मी तेच सांगीन.” तो उठून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. दावा तो हरला. दाव्यापायी जमीन गेली, आणि ज्या लेकरांसाठी हे सारं होतं ती शहरांत निघून गेली. घरची प्रार्थना कधीच बंद पडली होती. वहिनी एकटी माझ्याकडे येऊन बसे.

दादाच्या शेवटच्या आजारात मी रोज जात होते. त्याला भरवत होते, अंग पुसत होते. त्याने एकदाही माझ्याकडे पाहून काही म्हटलं नाही. त्याच्या तोंडून एक शब्द ऐकावा, म्हणून मी बसत होते हे खरं. तो शब्द आला नाही. त्याला मूठमाती दिली तेव्हा मला रडू आलं नाही, आणि त्याचं दुःख आजही आहे.

घराघरात मुलं मोठी करणाऱ्या माणसांना मला एवढंच सांगायचं आहे की लोभ दरवाजा फोडून येत नाही. तो लेकरांच्या काळजीचं नाव सांगून येतो, आणि आपण त्याला पाट मांडून देतो. दमणीतल्या त्या बाईसाठी मी देवाचे आभार मानते. माझी मुलगी तिच्यामुळे आज स्वतःची लेकरं खेळवते आहे. ती मला कधी कधी विचारते, आई, मामाला तू क्षमा केलीस का? मी तिला खोटं सांगत नाही. सकाळी उठून करते, असं सांगते. संध्याकाळपर्यंत ती क्षमा माझ्यापाशी टिकत नाही. ती माझ्या घरची नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पसरून प्रभूकडे मागते, आणि तो देतो.