मी सुभाषचा बाप झालो त्याची हकीकत

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण सांगताना मला मधेच राग येतो आणि मग गोष्ट पुढे सरकत नाही. माणसानं आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवावं, त्यात डॉक्टरेट मिळवावी, आणि म्हातारपणी एका फोनमुळे भलत्याच बाईचा नवरा होऊन बसावं, याला काय म्हणाल?

थांबा, चहा घ्या. पहिल्यापासून सांगतो.

निवृत्तीनंतर मी पिंप्राळ्यात घरी बसून होतो. माझा एक जुना विद्यार्थी जळगावात डाळमिल चालवतो. तो म्हणाला, "सर, कामगारांचा आरोग्यविमा काढलाय, पण विमा कंपनीशी बोलताना ते गडबडतात. तुमच्यासारखा शिकलेला माणूस ऑफिसात बसला, तर कामं होतील." आपल्याला जमेल का, अशी धाकधूक होती. मला अजून गॅसचा नंबर लावता येत नाही. पण 'शिकलेला' म्हटलं की मी विरघळतो. बसलो. थोड्याच दिवसांत बठ्ठी, म्हणजे सगळीच, मिल मला आबा म्हणायला लागली.

तर एके सकाळी सुभाष आला. चाळणीच्या मशीनवर काम करतो, मूळचा धुळ्याकडचा. चेहरा उतरलेला.

"आबा, नानांना धुळ्याला भरती केलंय. पित्ताशयात खडे आहेत. संध्याकाळी ऑपरेशन, सकाळपासून पाणीपण बंद. आणि विमावाले म्हणतात, नाना पॉलिसीत बसत नाहीत."

"का बसत नाहीत? वडील आहेत ना तुझे?"

"तेच तर. त्यांचा फोन आलता. 'पेशंट आपके कौन हैं?' मी म्हटलं, 'हमारे नाना हैं.' तर ती मॅडम म्हणे, नाना-नानी कव्हर नहीं होते."

मला काय संताप आला म्हणून सांगू. आपल्याकडे अर्धा जिल्हा बापाला नाना म्हणतो. हिंदीतला नाना म्हणजे आईचा बाप, हे आम्हाला ठाऊक. मग आमचा नाना तुम्हाला ठाऊक नको? हप्ता घेताना चालतो का नाना? मी लगेच फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर ठेवला. शिकलेला माणूस कसा बोलतो, ते मिलला कळू दे.

पलीकडे एक मुलगी. अतिशय गोड आवाज. गोड आवाजावर ओरडता येत नाही, हा त्या कंपन्यांचा कावा आहे.

"बेटी," मी म्हटलं, "हमारे खानदेश में पिता को नाना कहते हैं."

"जी सर. सब लोग नाना कहते हैं?"

आता इथं मी 'हो' म्हणायला हवं होतं. पण तर्कशास्त्राची सवय. अर्धवट विधान करायला जीभ धजेना.

"सब नहीं. कोई भाऊ कहता है, कोई अण्णा, कोई बापू, कोई दादा, कोई आबा."

पलीकडे भराभर टाइप केल्याचा आवाज.

"सर, इन कर्मचारी के कितने पिता हैं?"

"एक ही है!" मी ओरडलो. मग ओरडल्याचं वाईट वाटून हळू आवाजात समजावलं, "देखो, आबा मतलब भी पिता ही होता है."

"आबा मतलब पिता. जी, नोट कर लिया."

आणि नेमका त्याच वेळी सुभाष अधीर होऊन म्हणाला, "आबा, माले द्या ना फोन."

"सर, ये आपको आबा बोल रहे हैं?"

"हां. सब बोलते हैं," मी जरा अभिमानानंच म्हणालो.

"आपका पूरा नाम और जन्मतिथि बताइए, सर."

मला वाटलं, तक्रार वर जाणार. पदवीसकट नाव सांगितलं. ती म्हणाली, "धन्यवाद सर, करेक्शन हो गया." मी फोन ठेवला. सुभाषनं माझ्या पायाला हात लावला. मी सगळ्यांना चहा सांगितला.

चहा संपायच्या आत मोबाइलवर मेसेज. अभिनंदन, आपले नाव सुभाष यांचे वडील म्हणून पॉलिसीत समाविष्ट करण्यात आले आहे, आधीची नोंद रद्द.

आता सांगा, रागावू नको तर काय करू? याच मिलमधल्या एका पोराचं तान्हं बाळ पॉलिसीत घालायला मी किती महिने खेटे घातले. त्या बाळाला दात आले तरी नाव आलं नाही. आणि मला, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, एका फोनवर जन्माला घातलं.

पुन्हा फोन लावला तर नुसतं संगीत वाजत राहिलं. तेव्हा सुभाषला घेऊन धुळ्याची एसटी पकडली. रस्ताभर मी मनातल्या मनात त्या मुलीला चूक समजावत होतो आणि दर वेळी तीच जिंकत होती. सुभाष बिचारा खिडकीतून बाहेर बघत बसला होता. फक्त एकदा म्हणाला, "आबा, नाना भुक्या असतील."

दवाखान्यात विम्याच्या टेबलावर एक बाई. मी नाव सांगताच तिचा चेहरा खुलला.

"या, डॉक्टर. तुमची मंजुरी आलीय. पित्ताशय ना? सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"पोहे खाल्ले," मी सवयीनं खरं सांगितलं.

"अहो, मग ऑपरेशन कसं करणार? स्वतः डॉक्टर असून?"

पेशंट मी नव्हे आणि डॉक्टरही तसला नव्हे, हे तिला पटवता पटवता माझा घसा सुकला. शेवटी तिनं उपाय काढला. कंपनीशी व्हिडिओ कॉल करू, घरच्यांनी ओळख पटवावी. आम्ही वॉर्डात गेलो. नाना खाटेवर पोट धरून पडलेले. शेजारी सुभाषची आई, डोक्यावर पदर. सुभाषनं मोबाइल तिच्यासमोर धरला. पडद्यावर तीच मुलगी.

"माताजी, पेशंट आपके कौन हैं?"

"आमना सुभाषना नाना शेतस."

मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नापास पोरांकडे पाहायचो. "सर, हम सुबह से यही तो बोल रहे हैं."

"अहो अक्का, नवऱ्याचं नाव सांगा," मी काकुळतीला आलो.

"नाव कशी लेऊ मी?" अक्कांनी पदर तोंडाशी नेला.

"नाम मत लीजिए माताजी," ती मुलगी समजूतदारपणे म्हणाली. "सिर्फ़ इशारा कर दीजिए, आपके पति कौन हैं."

अक्कांनी लाजून हनुवटीनं खाटेकडे खूण केली.

खाट आणि अक्का यांच्यामध्ये कोण उभं होतं? मी. घाबरलो की मला एका जागी उभं राहवत नाही. सरकत सरकत नेमका तिथं जाऊन उभा होतो.

"जी, डॉक्टर साहब. समझ गई," मुलगी म्हणाली.

पलीकडच्या खाटेवरचा पेशंट टाके धरून हसायला लागला. अक्कांनी पदर आणखी पुढे ओढला. मागून नानांचा आवाज आला, उपाशी आणि वैतागलेला.

"आबा, सरका जराखा बाजूले. मनी बायको माले दाखाडी राह्यनी."

मी सरकलो. नाना कोपरावर उठले आणि मोबाइलकडे बघून म्हणाले, "ह्या पोऱ्याना बाप मी शे. खडा मना पोटमा शेतस, त्यासना नही."

सुभाषनं हिंदीत सांगितलं. मुलीनं अक्कांना पुन्हा खूण करायला लावली. या वेळी हनुवटीच्या वाटेत कोणी नव्हतं. तासाभरात नानांच्या नावाची मंजुरी आली आणि दिवे लागायच्या वेळेला त्यांना आत नेलं. ऑपरेशन नीट झालं.

माझ्या डॉक्टरेटचं मात्र मी परत येताना बरंच चिंतन केलं. दिवसभरात उपयोगी पडेल असं मी एकच काम केलं होतं. बाजूला सरकलो होतो.

घरी पोचेपर्यंत दुसरा मेसेज येऊन पडला होता. तो बायकोनं वाचला. "सुभाषचे वडील म्हणून तुमचं नाव कमी केलंय म्हणे," ती चष्म्यावरून बघत म्हणाली. "आधी घातलं कधी होतं, ते सांगा."

नाना घरी गेल्यावर सुभाष पेढे घेऊन ऑफिसात आला. दारातूनच म्हणाला, "आबा..."

मी आधी मोबाइल बंद केला. मग म्हटलं, "हं, बोल."